ऐकायची जागा

माझ्या वहिनी गाइड आहेत आणि मी त्यांचा ड्रायव्हर. नात्याने धाकटा दीर, पण पाहुणे गाडीत बसले की नातं डिकीत. मग "भावोजी" नाही, "गाडी सावलीत लावा" एवढंच. सकाळी हॉटेलच्या दारातून पाहुणे उचलायचे, किल्ला दाखवायचा, राणीचं थडगं दाखवायचं, शेवटी घुमट, आणि दिवे लागायच्या सुमाराला परत सोडायचं. गाडीत एका वेळी एकच कुटुंब, बाहेरचं कुणी घुसवायचं नाही, म्हणून ही प्रायव्हेट टूर. मला स्वतःला इतिहासात काडीचा रस नाही. मेलेल्या माणसांनी मेलेलंच राहावं, असं माझं पहिल्यापासून स्पष्ट मत आहे.

वहिनींचं तसं नाही. बुटक्या, चाल तुरुतुरु, डोक्यावर रंग उडालेली कापडी टोपी, आणि बोलायला लागल्या की भल्याभल्यांची बोलती बंद. पाहुणा गाडीत बसायच्या आधी त्या त्याचे बूट बघतात. बूट बघितले की त्यांना कळतं, ह्याला किल्ल्यावर कुठपर्यंत चढवायचं आणि कुठं चहा पाजून थांबवायचं. "राजाचं नाव विसरतील हो," त्या मला सांगतात, "पण आपले पाय दुखले होते हे जन्मात विसरणार नाहीत."

माझा थोरला भाऊ, दादा, तोही गाइडच. लग्न झाल्यापासून दोघांनी ही टूर जोडीनं केली, आणि तिसरा मी, गाडीवर. त्यांची खरी मजा असायची घुमटात. आतला जिना चढून वर गेलं की घुमटाच्या पोटात, भिंतीला लागून गोल सज्जा आहे. कठड्यावरून खाली पाहिलं तर माणसं मुंग्यांएवढी दिसतात. सज्ज्याच्या एका बाजूला भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, की आवाज भिंतीवरून फिरत बरोबर समोरच्या बाजूला जातो, आणि तिथं कान लावणाऱ्याला अगदी शेजारून बोलल्यासारखा ऐकू येतो. मधे उभ्या असलेल्यांना काही म्हणजे काही कळत नाही.

दादा पलीकडे जाऊन उभा राहायचा, ती बोलायची जागा. वहिनी पाहुण्यांना घेऊन अलीकडे, ती ऐकायची जागा. दादाच्या गालात कायम खोकल्याची गोळी असायची. तो घसा खाकरायचा आणि भिंतीत म्हणायचा, "बाईसाहेब, ऐकू येतंय का?" वहिनी इकडून उत्तर द्यायच्या, "येतंय, येतंय. पुढं बोला." पाहुणे खूश. त्यांना आपली भाषा येत नाही, त्यांना वाटायचं राजाराणीचं काहीतरी चाललंय. प्रत्यक्षात दादा विचारत असायचा, की वरची टाकी भरून वाहत तर नसेल ना, आणि वहिनी सांगत असायच्या, की वाहू दे, तुम्हीच नळ चालू ठेवलाय.

दादा गेला त्या दिवशी वहिनी तापाने फणफणल्या होत्या. त्या घरी राहिल्या. दादाने एकट्यानेच पाहुण्यांना वर नेलं, ऐकायच्या जागेवर उभं केलं, पलीकडे जाऊन नेहमीचं वाक्य म्हटलं. पाहुण्यांनी मला नंतर सांगितलं, की थोडं थांबून त्याने पुन्हा तेच म्हटलं आणि मग भिंतीला टेकून तो खाली बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी खाली गाडीत पेपर वाचत होतो.

वहिनी रडल्या नाहीत. माणसं भेटायला येत होती आणि त्या चहा करत होत्या. महिना व्हायच्या आत म्हणाल्या, "भावोजी, उद्यापासून गाडी काढा. घरात बसले तर वेड लागेल मला." मी गाडी काढली.

आता दोघांचं काम एकटीवर आलं. घुमटात त्या पाहुण्यांना ऐकायच्या जागेवर उभं करून स्वतः दादाच्या जागेवर जायच्या आणि पाहुण्यांच्याच भाषेत कुजबुजायच्या, घुमट कुणी बांधला, का बांधला वगैरे. इथवर ठीक होतं. पण हळूहळू टूरची तऱ्हाच बदलली. किल्ला घाईघाईने उरकायचा, थडग्यापाशी फोटोपुरतं थांबायचं, आणि घुमटात मात्र तास न् तास. मला वाटलं, आता किल्ल्याची चढण झेपत नसेल. पण घुमटाचा जिना काही कमी नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एक वयस्कर जोडपं आलं. त्यातल्या बाई शाळेत संगीत शिकवायच्या. संध्याकाळी हॉटेलपाशी वहिनी त्यांच्या यजमानांशी बोलत होत्या, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. त्यांची भाषा मला कामापुरती येते.

"नवरा-बायको दोघंही फार छान बोलतात," त्या म्हणाल्या. "पण ते गृहस्थ खाली आलेच नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहिले."

"कोण गृहस्थ?"

"वरचे. तुमच्या मॅडमनंतर बोलले ते. त्यांचा घसा बरा नाही वाटतं, सारखा खाकरत होते."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. ती कुठं लावायची तेच मला काही वेळ सुचेना.

पाहुणे आत गेल्यावर मी वहिनींना विचारलं. मला वाटलं त्या हसतील, निदान मला झापतील. त्या मागच्या सीटवर बसून टोपी काढत म्हणाल्या, "वर्ष होत आलं, भावोजी. पलीकडून मी बोलले की मागोमाग सगळ्यांना ऐकू येतात. मला सोडून."

"काय बोलतो?"

"ते ह्या लोकांना कुठं कळतंय? मी रोज विचारते. कुणी म्हणतं काहीतरी विचारताहेत, कुणी म्हणतं फार हळू बोलतात. एकानं तर भाडं देताना विचारलं, मिस्टरांना बरं नाही का म्हणून."

"घुमटाच्या पहारेकऱ्याला उभं करायचं होतं तिथं."

"त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत." मग त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला आवाज माहीत आहे, भाषा माहीत आहे. एकदा माझ्यासाठी तिथं उभे राहा."

मी भित्रा माणूस आहे, हे आमच्या घरात कुणापासून लपलेलं नाही. लहानपणी अंगणातल्या नळावर जायचं तरी मला दादा सोबत लागायचा. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. पुढच्या खेपेला म्हटलं, गाडी रस्त्यावर लावलीय, उचलून नेतील. तिसऱ्या खेपेला मला काही सांगावंच लागलं नाही, कारण वहिनींनी विचारणंच सोडून दिलं. फक्त रोज संध्याकाळी आरशातून बघायच्या. मी आरसा थोडा वर करून ठेवला.

आणि एक दिवस जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली. सज्ज्याचा कठडा सैल झाला होता. महिनाअखेरीपासून सज्जा दुरुस्तीसाठी बंद, पुन्हा कधी उघडेल सांगता येत नाही. त्या संध्याकाळी पाहुण्यांना सोडल्यावर वहिनी गाडीतून उतरल्याच नाहीत.

"तुम्ही आला नाहीत," त्या म्हणाल्या, "तर ते काय म्हणत होते, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे नसताना, आम्ही दोघे जिना चढलो. माझी पाचावर धारण बसली होती. पहारेकऱ्याने वहिनींना बघून मान हलवली आणि पुन्हा डुलकी काढायला लागला. वर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे आत आले होते आणि त्यांत धूळ फिरत होती. वहिनी मला ऐकायच्या जागेवर उभं करून, कठड्याला हात न लावता, वळसा घालून पलीकडे गेल्या. इतक्या लांबून त्यांची टोपी तेवढी ओळखू येत होती. मी भिंतीला कान लावला. भिंत गार होती.

"भावोजी, मी आहे," वहिनींचा आवाज आला, अगदी कानात. "आता मी गप्प बसते."

त्या गप्प बसल्या. त्यांनी भिंतीपासून तोंड बाजूला केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि कुणीतरी घसा खाकरला.

"बाईसाहेब, ऐकू येतंय का?"

दादाचा आवाज. त्यात जराही फरक नव्हता, गालातल्या गोळीने शब्द किंचित जड व्हायचे तेसुद्धा तसंच. मी समोर पाहिलं. वहिनी एकट्या उभ्या होत्या, ओठ मिटून, माझ्याकडे बघत.

"ऐकू येतंय का?" पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. आणि मग अगदी हळू, टूरमधे कधीच नसलेलं, "आहेस ना गं तिथं?"

धावतच मी सज्ज्याला वळसा घातला, कठडा सैल आहे हेही विसरलो, आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ते शब्द माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले.

"पण मग मला का ऐकू येत नाही?"

"कारण तो तुमच्या जागेकडं बोलतोय, वहिनी. ऐकायच्या जागेकडं. आणि तुम्ही इथं त्याच्या जागेवर येऊन उभ्या राहता. वर्षभर तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या आहात, आणि तो तुम्हाला तिकडं हाका मारतोय."

वहिनींनी आजूबाजूला पाहिलं, म्हणजे अगदी जवळ, एखादा माणूस उभा असतो तितक्या जवळ. मग टोपी नीट केली आणि त्या चालायला लागल्या. मीही निघालो तर म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा. इथं कुणीतरी बोलणारं लागतं."

त्या जागेवर एकटं थांबायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. पण आपण पळून गेलो तर ही बाई पुन्हा कधी आपल्याकडे आरशातून बघणारसुद्धा नाही, हेही कळत होतं. मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "वहिनी, मी आहे," आणि डोळे मिटून घेतले.

मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त वास आला, खोकल्याच्या गोळीचा. डोळे उघडून समोर पाहिलं तर वहिनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून उभ्या होत्या. मग भिंतीतून त्यांचा आवाज आला, मोठ्याने, स्पष्ट.

"येतंय. येतंय, पुढं बोला."

माझ्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. लांब, सावकाश. दिवसभर पाहुण्यांना फिरवून घरी आल्यावर दादा बूट काढताना सोडायचा, तसाच. त्यानंतर वास गेला.

"बोला ना," वहिनी म्हणत होत्या. "मी इथंच आहे. बोला की पुढं."

ते सगळं माझ्या कानात येत होतं. माझा आवाज दादासारखाच आहे. फोनवर वहिनीसुद्धा कैकदा फसल्या आहेत. घसा खाकरून टाकीबद्दल काहीतरी विचारलं असतं, तरी चाललं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी बोललो नाही. बोलायचं धैर्य नव्हतं म्हणा, किंवा ती लबाडी झाली असती म्हणा. वहिनी कितीतरी वेळ "बोला" म्हणत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो.

सज्जा बंद होईपर्यंत आमच्या टूर चालूच होत्या. वहिनी प्रत्येक पाहुण्याला विचारायच्या, काय ऐकू आलं. पाहुणे म्हणायचे, तुमचा आवाज, किती स्पष्ट! "माझ्यानंतर?" नंतर काही नाही.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांना सोडल्यावर त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. तसं त्या कधी बसत नाहीत.

"मी उत्तर द्यायला नको होतं, भावोजी," त्या म्हणाल्या. "नुसती ऐकत राहिले असते, तर ते आजही विचारत राहिले असते."

मी त्या श्वासाबद्दल त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. बुटांचंही सांगितलं.

"दमले होते?"

"फार."

वहिनी काचेतून बाहेर बघत होत्या. रस्त्यावरचे दिवे लागत होते.

"म्हणजे वर्षभर मी त्यांना रोज कामाला उभं केलं," त्या म्हणाल्या. "एक दिवस सुट्टी दिली नाही हो मी त्यांना."

आणि त्या रडायला लागल्या. दादा गेला तेव्हाचं सगळं रडणं त्यांनी ह्याच दिवसासाठी ठेवलं होतं बहुतेक. मी आरसा खाली करून पूर्वीसारखा लावला आणि त्यांचं होईपर्यंत गाडी सुरू केली नाही.