दहा झाले की उठायचं

वहिनी गेली, हे शेजारच्या पार्वतीकाकूंनी फोनवर सांगितलं आणि पुढच्याच श्वासात म्हणाल्या, "लवकर ये गो, बाबू तिला उठवतोय." मी नोकरीला महाडला, तिथून उमरठच्या वरच्या आमच्या वाडीत पोचायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत मी वहिनीसाठी रडलेसुद्धा नाही. बाबूला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं...

बाबू माझा धाकटा भाऊ. वयाने पंचेचाळीस, समज चार-पाच वर्षांच्या पोराची. आईमागे त्याला सांभाळलं ते आमच्या या थोरल्या वहिनीने. दादा मुंबईत वारला आणि पांढऱ्या कापडाखाली घरी आला, तेव्हा बाबू त्याच्या पायाशी बसून तो उठायची वाट बघत होता. दादा उठला नाही. तेव्हापासून पांढरं पांघरूण म्हटलं की बाबू थरथरायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला हर्निया झाला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. मी पडले तापट आणि वर शहाणी. समजावत कोण बसतंय! दासगावला आत्याकडे मासे खायला जाऊ, असं सांगून त्याला रिक्षात घातलं आणि महाडच्या दवाखान्यात नेलं. नर्सने त्याच्यावर पांढरी चादर ओढली मात्र, तो किंचाळत अनवाणी पळाला. एसटी स्टँडमागे सापडला, दोन तासांनी. त्यानंतर माझ्याबरोबर तो कुठल्याही गाडीत बसेना.

वहिनी मला ओरडली नाही. तिने ओरडायला हवं होतं. नुसतं म्हणाली, "त्याच्याशी खोटं नाय बोलायचं, वन्स. त्याला बाकी कळत नाय, पण फसवलेलं बरोबर कळतं."

मग तिने बाजारातून एक पांढरी चादर आणली. रोज दुपारी ओटीवरच्या खाटेवर ती चादर डोक्यावरून घेऊन आडवी व्हायची आणि बाबूने दहापर्यंत मोजायचं. त्याला तेवढेच आकडे येतात. दहा झाले की वहिनी उठून बसायची. "बघ, उठले का नाय?" पहिल्या दिवशी तो रडला, तिसऱ्या दिवशी हसला. मग मला निजवलं. अशी मी या वयात भरदुपारी मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि बाबू मुद्दाम सातावर थांबून खिदळत राहिला. शेवटी तो स्वतः चादरीखाली शिरला. आरोग्यसेविकेकडून स्पिरिट आणून वहिनी रोज त्याच्या दंडाला चोळायची, वास ओळखीचा व्हावा म्हणून.

ऑपरेशनचा दिवस आला. पुन्हा पळाला तर डॉक्टर तिसऱ्यांदा घेणार नव्हते. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी वहिनीने त्याला सगळं खरं सांगितलं. सुई टोचेल, दुखेल, झोप लागेल. "आणि उठशील तवा मी हितंच आसंन." चादर छातीपर्यंत आली, बाबूचे ओठ हलायला लागले. एक... दोन... तो मोजतच आत गेला. तो शुद्धीवर येईपर्यंत वहिनीने बाकडं सोडलं नाही, चहालासुद्धा नाही.

आणि आता तीच ओटीवर पांढऱ्या कापडाखाली होती. बाबू उशाशी बसून मोजत होता. दहा झाले की कापडाचं टोक उचलून बघायचा, पुन्हा एकपासून सुरू. किती वेळ चाललं होतं, देव जाणे. बायका माझ्या कानाशी लागल्या, मुंबईला गेली म्हणून सांग. खरं सांगते, ते माझ्याही जिभेवर आलं होतं. पण मी त्याचा हात धरला. "बाबू, वयनी मेली. दादासारखी. आता दहा झाले तरी नाय उठायची."

 त्याने टोक सोडलं, कापड सारखं केलं आणि विचारलं, "तू हायस?"

"हाय."

याला पाच आठवडे झाले. मी रजा वाढवून वाडीतच आहे. दुपारी बाबू वहिनीची ती चादर डोक्यावरून घेऊन खाटेवर निजतो, आतून मोठ्याने मोजतो. दहा झाले की तोंड बाहेर काढून आधी मी बसलेय का ते बघतो. परवा दूध उतू जातंय म्हणून मी मधेच उठले. परत आले तर दहा केव्हाच होऊन गेले असणार, पण चादर तशीच डोक्यावर होती आणि आतून बाबू पुन्हा एकपासून मोजत होता.