रुमालाखालची पेन्शन

माझी पेन्शन रुमालाखाली ठरली.

मी शिरूर कासारचा, बैलबाजारातला दलाल. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत. खांद्यावरचा रुमाल समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. मुडपलेलं बोट म्हंजे अर्धा. बघणाऱ्याला कळत न्हाई, आणि एकदा रुमाल झटकला की शब्द फिरत न्हाई. ह्या बोटांवर दोन पोरींची लग्नं केली, पत्र्याच्या घरावर स्लॅब टाकला, आणि आजवर कुण्या माईच्या लालानं मला रुमालाखाली फसवलं न्हाई. (हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं माझी शोभा होणार हाय.)

गेल्या हंगामात एका खोंडानं गुडघ्यावर लाथ घातली. त्यात ऊसतोडीला जाणारे लोक बैल सोडून ट्रॅक्टरच्या मागं लागलेत. म्हंजे बाजारबी लंगडा आन् दलालबी लंगडा! आमची मंडळी कुशावर्ता गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली, "आवो, तुमाला ना नोकरी, ना पेन्शन. पाय थकल्यावर काय करायचं? लेकीच्या दारात जायचं का?" ती सहसा असलं बोलत न्हाई.

मग मी पेन्शनची चौकशी सुरू केली. चौकशी कसली, एजंट घरातच निघाला! कुशावर्तेचा धाकटा भाऊ बंडू. (आमच्याकडं अर्धे लोक एजंट असतात आणि उरलेले अर्धे त्यांचे पाहुणे.) तिकडं बँकेतल्या मॅडमनीबी एक योजना सांगितली होती. दोन्हीकडं पैसे मीच भरायचे, आणि ते सांभाळायचे म्हणून कंपनी त्यातून कापून घेणार. त्याला चार्जेस म्हणतात म्हणे. म्हंजे दलालीच की! दलालीतलं मला कोण शिकवणार? ज्याची दलाली कमी, त्याची पेन्शन, असं ठरवलं आणि दोघांनाबी रविवारी अंगणात बोलावलं.

बंडू रंगीत पुस्तक घेऊन आला. मी ते बाजूला ठेवलं आणि त्याच्या हातावर रुमाल टाकला. तो म्हणाला, "दाजी, तोंडानं सांगतो की, हितं कोण परकं हाय?" मी म्हणलं, तोंडाचं काय खरं न्हाई, तू दाब. बिचाऱ्यानं घाम पुसला आणि एक बोट दाबलं. एक टक्का. मी मनातल्या मनात सौदा करूनबी टाकला.

तेवढ्यात मॅडम आल्या. मी सवयीनं त्यांच्या हातावर रुमाल टाकायला गेलो, तर मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या! शेजारचा रफिकभाई, पंक्चरवाला, भिंतीवरून बघत होता, तो मोठ्यानं खोकला. कुशावर्तेनं माझ्याकडं असं बघितलं की मला तो लाथ मारणारा खोंड मायाळू वाटायला लागला. मग तिनंच तोड काढली: मॅडम तिला सांगतील आणि ती मला बोटं दाबून दाखवंल. दोघी आत गेल्या, बंडूचं पुस्तकबी घेऊन गेल्या. मधीच कुशावर्ता बाहेर यायची, बंडूला काहीतरी विचारायची, पुन्हा आत. मला वाटलं, चहाला साखर किती ते विचारत असंल.

शेवटी ती पदराला हात पुसत आली आणि रुमालाखाली हात घातला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर अंगणात तिचा हात मी कधी धरला नव्हता. मला लई लाज वाटली. रफिकभाईनं तर आपल्या बायकोला बघायला बोलावलं. आणि कुशावर्तेनं बोट मुडपून दाबलं. अर्धा टक्का! मी रुमाल झटकून सौदा झाल्याचं जाहीर केलं.

बंडूचं तोंड एवढंसं झालं. कुशावर्ता शांतपणे म्हणाली, "मॅडमचे दोन टक्के हायेत."

"दोन? मग अर्धं कावून दाबलं?"

"दोन दाबले असते तर तुमी बंडूला हो म्हणला असता. मॅडमचे दोन टक्के हप्ता भरताना एकदाच. मागनं कापतात ते चिमूटभर. बंडूचा एक टक्का दरसाल, साठलेल्या समद्या ढिगावर. तुमी बैल विकला की दलाली एकदाच घेता ना? ही कंपनी दरसाल गोठ्यात येऊन मागणार. गाय व्याली तर वासराचीबी."

मॅडमनी बाहेर आणलेलं पुस्तक बंडूनं चाळलं, मान खाली घातली आणि कबूल केलं की आक्काचं बरोबर हाय. ती त्याला म्हणाली, "तू भाऊ हायेस, जेवून जा. पण म्हातारपण माझंबी हाय."

रुमालाचा शब्द फिरत न्हाई, म्हणून मी मॅडमच्या कागदावर सही केली. खरं सांगतो, मला राग आला न्हाई. उलट छातीवरचं वझं उतरलं. सही करायला हात पुढं केला तेव्हा ध्यानात आलं, रुमाल कधीचाच झटकला होता, पण तिचा हात मी अजून सोडलाच नव्हता. समदी गल्ली बघत होती.

रफिकभाईनं ही गोष्ट बाजारभर केली. आता मी रुमाल टाकण्याआधी समोरचा हात नीट बघून घेतो. त्यात बांगड्या न्हाईत ना, तेवढी खात्री झाली की मग मला कुणाच्या बापाची भीती न्हाई.