हराळीवर थांबेना तो चेंडू

हराळी दिसली की आमच्या बाबांचं डोकं फिरतं. हे गवत एकदा रानात शिरलं की खोल मुळं धरतं आणि पिकाला वर येऊ देत नाही. आणि मी, त्यांची सख्खी मुलगी, बोअरजवळच्या ओलीत अंगणाएवढी हराळी मुद्दाम राखत होते, पाणी घालून, कात्रीनं कापून. गोल्फमध्ये चेंडू ज्यावर उतरवायचा ते गवत याच जातीचं असतं, हे त्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

हैदराबादला नोकरी करताना मला या खेळाचं वेड लागलं. पुढे नांदेडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले आणि खेळायला जागाच उरली नाही. पण जूनमध्ये हैदराबादच्या स्पर्धेत उतरायचंच, हे मी ठरवून टाकलं होतं. दर रविवारी हदगावजवळच्या आमच्या शेतात जायचं आणि हरभरा काढलेल्या रानातून त्या तुकड्यावर चेंडू मारायचे. गोल्फच्या काठ्या तिथंच, आई-बाबांच्या घरी ठेवायच्या.

बाबांनी अट घातली. "चेंडू त्या हराळीवर पडून थांबला तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर पाडवा झाला की नांगर घालतो. लोक हासून राहिले मला."

चेंडू पडायचा बरोबर, पण थांबायचा नाही. पळत जाऊन काळ्या मातीच्या भेगेत गडप व्हायचा. वर्गात मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवते. काठीचा तिरका, खाचा पाडलेला भाग चेंडूला घासतो, म्हणून चेंडू उलटा फिरत निघतो. ती फिरकी हवेला खाली ढकलते आणि हवा चेंडूला वर उचलून धरते. जमिनीला टेकल्यावर तीच फिरकी ब्रेक लावते. माझा चेंडू मात्र नुसता उंच जायचा आणि खाली आला की पळत सुटायचा. मी उभं राहणं बदललं, पकड बदलली, वाऱ्याला शिव्या घातल्या. कधी कधी रडूच यायचं, पण सोडायचं नाही म्हणजे नाही.

पाडवा झाला. पुढच्या रविवारी बाबा नांगर जोडलेला ट्रॅक्टर घेऊन रानात आले. मारलेला चेंडू उचलून मी ओढणीनं पुसला आणि ओढणीला पिवळट डाग पडला. वास घेतला, तर करडीचं तेल! काठी घेऊन तशीच घरी पळाले. ओसरीवर आई विळे, खुरपी आणि माझ्या उरलेल्या काठ्या मांडून बसली होती, हातात तेलाचं फडकं.

"आई, अगं काय करून राहिलीस!" मी ओरडलेच.

"काय म्हंजे? लोखंडाला तेल न्हाई लावलं तर गंज चढतो की. दर आठवड्याला लावते मी."

त्या तेलावरून चेंडू नुसता निसटत होता. त्याला घासायला काही मिळतच नव्हतं, मग फिरणार कसा? मी हे भडाभडा बोलून टाकलं. आईचा चेहरा उतरला. मग तीच उठली, चुलीतली राख आणि जुना ब्रश घेऊन आली आणि खाच न् खाच घासून दिली.

रानात बाबा ट्रॅक्टरवरच बसून होते. मी मारला. चेंडू हराळीवर पडला, एक टप्पा, दुसरा छोटा टप्पा, जागीच थबकला आणि वीतभर मागे आला.

बाबा खाली उतरले. "माघारी कामून आला?"

"उलटा फिरतो म्हणून."

"आजून एक मार."

तोही थांबला. बाबा परत ट्रॅक्टरवर चढले. दिवसभर सगळं रान नांगरलं, तो तुकडा सोडून. संध्याकाळी कुदळ घेतली आणि हराळीभोवती गुडघाभर खोल चर खणला, ती बाहेर सरकू नये म्हणून. चरातून वर येऊन त्यांनी घाम पुसला.

"आता तिकडं हैदराबादला बी थांबव," ते म्हणाले.