अंगाबरोबर बसलेली पँट

त्या काळी कपडे शिवून घ्यायची पद्धत होती आणि शिंपी माणसाला नखशिखांत ओळखायचा. आता तीन-चार मापांत सगळी दुनिया कोंबतात. असो.

मास्टरांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. कापायचं टेबल, पायाचं मशीन, जड इस्त्री आणि दाराशी एक स्टूल. दुपारी त्या स्टुलावर त्यांचा धाकटा भाऊ येऊन टेकायचा. तो पोस्टमन. मास्टरांची बायको लवकर गेली, तेव्हापासून ते धाकट्याच्याच घरी जेवत-राहत होते. धाकट्याचा गणवेश तेच शिवायचे. त्याच्या पाठीवर एक चुणी दिसली तरी यांचा जीव खालीवर व्हायचा.

बेचाळिसाव्या वर्षी धाकट्याला मधुमेह निघाला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. चाळिशीनंतरचा मधुमेह म्हणजे एकाच जातीचा, असं तेव्हा सगळेच धरून चालत. गोळ्या वाढल्या, साखरही वाढली. मग घरात निकाल लागला: हा चोरून खातो.

"रोज दोनशे दारं फिरता," बायको म्हणायची, "हातावर काहीबाही ठेवणारं कुणी भेटत नाही होय?"

"अगं, पाणी मागतो फक्त."

"पाण्यानं साखर वाढते? दादा, तुम्हीच सांगा आता!"

दादा कशाला मागे राहतात! "खिसे उलटे करून बघ तू त्याचे," म्हणायचे. बरं, हे घरातच ठेवावं, तर तेही नाही. माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आमचा धाकटा जिभेचा गुलाम.

धाकटा आधी हसण्यावारी न्यायचा. पुढे तो बोलेनासाच झाला. जिना चढताना कठड्याला धरून उभा राहायचा.

आणि वर्षभर मास्टर काय करत होते? पँट कमरेत सैल झालेली दिसली, की दोरीवरून काढून दुकानात न्यायची, मागची शिवण उसवून आत घ्यायची, इस्त्री करून परत दोरीवर. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सांगायचं काय त्यात? हात शिवशिवायचे, बस्स.

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. धाकट्याबरोबर मास्टरही गेले, मुख्यतः चुगली करायला.

"बाई, हा पथ्य पाळत नाही."

बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. जुन्या कार्डावर वजनाची जागा कोरी होती. त्यांनी धाकट्याला विचारलं, "वजन उतरलंय का?"

"काय माहीत. घरी काटा नाही."

"कपडे सैल होतात?"

"छे! पँट अगदी अंगाबरोबर. दादा शिवतो ना."

मास्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते उठले, भावाला पाठमोरं वळवलं, शर्ट वर केला आणि कंबरपट्टी उलटी करून दाखवली. आत कापडाची जाड घडी होती.

"मीच आत घेतलीय बाई. पाच वेळा."

"एकूण किती?"

गळ्यातली टेप काढून त्यांनी मोजलं. "सहा इंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हे आज सांगताय?"

"वाईट दिसू नये म्हणून हो..."

बाईंनी त्याच दिवशी रक्त घेतलं. आठवड्यानं निकाल आला तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं. धाकट्याचं शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उठलं होतं आणि इन्शुलिन जवळजवळ संपलं होतं. असला मधुमेह लहान मुलांना होतो असं लोक समजतात, पण तो मोठेपणीही होतो, सावकाश चढतो आणि सुरुवातीला नेहमीच्यासारखाच दिसतो. गोळ्यांनी भागणार नव्हतं. इंजेक्शन लागणार, आणि आजपासूनच.

"म्हणजे हा खात नव्हता?" मास्टरांनी विचारलं.

"खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आणखी थोडे दिवस गेले असते, तर उचलून आणावं लागलं असतं."

रस्त्यात धाकटा एवढंच म्हणाला, "गावभर चोर केलंस मला, दादा."

मास्टरांनी त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

धाकटा त्यानंतर सव्वीस वर्षं जगला, पेन्शन खाल्ली, नातीला सायकल शिकवली. मास्टरांनी मात्र ज्या ज्या गिऱ्हाइकाला चुगली सांगितली होती, त्या प्रत्येकाला माप घेताना खरी गोष्ट सांगितली, न विचारता, कधीकधी दोनदा. आणि कुणाची कंबर मागच्या खेपेपेक्षा कमी भरली, की टेप तशीच धरून विचारायचे, "ठरवून की आपोआप?"

आपोआप म्हणणाऱ्याची पँट ते आत घेत नसत. आधी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणा म्हणत. काही जण चिडून दुसऱ्या शिंप्याकडे गेले.

"दादा, दुकान बंद पाडशील," धाकटा म्हणायचा.

"पडू दे," मास्टर म्हणायचे आणि टेप गुंडाळून ठेवायचे.