साकवाचे खिळे

आमच्या ओढ्यावर छप्पर असलेला लाकडी साकव होता. तो पुरात वाहून गेला, असं गाव सांगतं. नवी नवरी पहिल्यांदा साकव ओलांडताना त्याच्या खांबात लोखंडी खिळा ठोकायची. मीही ठोकला होता.

काल शेजारच्या बाबल्याच्या नव्या पडवीत चहाला बसले. समोरच्या खांबात गंजलेले खिळेच खिळे.

"खांब कुठला रे?"

"पुरात वाहत आला, काकी. देवानंच धाडला."

पूर खाली वाहतो. बाबल्याचं घर साकवाच्या वरच्या अंगाला आहे.

पलीकडे माझं माहेर दिसतं, पण आता जाता येत नाही. बाबल्याची पडवी मात्र भक्कम उभी आहे. गावातल्या सगळ्या बायका तिथे चहा पितात. खिळे मला एकटीलाच दिसले?