हाताची सावली

माधव कुटे गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, किसनरावांचा. "सर, माधव गेला," एवढंच ते म्हणाले. दुःख झालंच, पण त्याच्या पाठोपाठ धास्तीही वाटली. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा उशाशी टांगलेल्या औषधांच्या पिशवीकडे बोट करून तो म्हणाला होता, "ही डोहात जाऊ देऊ नको. घरचे ऐकायचे न्हाईत." आणि मी हो म्हणून बसलो होतो.

सेनगावच्या कॉलेजात माधव प्राणिशास्त्र शिकवायचा, मी वनस्पतिशास्त्र. लग्न त्यानं केलं नव्हतं, भावाच्याच घरी राहायचा. आमची प्रयोगशाळा एक, कपाट एक, त्यामुळे भांडणंही भरपूर. नवा वर्ग आला की पहिल्याच तासाला तो विचारायचा, माणूस इतर प्राण्यांमधूनच घडत आला हे किती जणांना पटतं? हात वर करा. काही हात वर जायचे, काही शेजारच्याचा पाहून वर जायचे. नाही म्हणणाऱ्यावर तो कधी चिडला नाही; चिडायचा तो मार्कांसाठी हो म्हणणाऱ्यावर. नरसी गावची वैष्णवी मात्र दर तासाला उभी राहून वाद घालायची, आमचे पूर्वज माकडं न्हाईत म्हणायची. तो सांगायचा, पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत. आणि भाऊबंदांशी पटायला वेळ लागतोच.

आमच्याकडे दहाव्याला मयताचे कपडे, अंथरूण नदीत सोडतात. अलीकडे त्यात औषधंही जातात, झोपेच्या नि भीती घालवायच्या गोळ्यांसकट. मेलेल्याचं औषध ठेवलं तर दुखणं घरात राहतं, असा समज. उन्हाळ्यात आमची कयाधू नदी आटते आणि डोह तेवढा उरतो. गेल्या उन्हाळ्यात, स्वतः आजारी असतानाही, माधवनं त्या डोहातले मासे त्याच पाण्यासकट आणून काचेच्या टाकीत ठेवले. शेजारच्या टाकीत विहिरीतले मासे. मग वरून हात धरला. सावली पडताच विहिरीतले तळाला पळाले. डोहातले जागचे हलले नाहीत... बगळा आला तरी हे असेच राहणार, हे वर्गाच्या ध्यानात आलं. "यावरून सिद्ध काही होत नाही," तो म्हणाला, "पाणी तपासावं लागेल. पण शंकेला जागा आहे." माणसाची भीती घालवायला केलेली गोळी माशालाही का लागू पडावी, हे त्यानं मग सावकाश समजावलं. दचकायची सोय आपल्या अंगात माशांच्या काळापासून चालत आली आहे, म्हणून. त्या दिवशी वैष्णवी वाद न घालता टाकीपाशी उभी राहिली.

दहाव्याला डोहावर गेलो तेव्हा पिशवी किसनरावांच्या हातात होती. वर्षभराच्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या, बाटल्या. मी माधवची इच्छा सांगितली.

"सर, तो तुमचा दोस्त व्हता, बराबर," ते शांतपणे म्हणाले. "पण माझ्या घरात लेकरं हायेत. दुखणं घरात ठेवू का?"

कॉलेजवाल्यांनी घरच्या कार्यात पडू नये, असं मागून कुणीतरी ऐकवलं. माझं डोकं तापलं होतं. पण किसनरावांची भीती खोटी नव्हती. ते गुडघाभर पाण्यात उतरले. तेवढ्यात कॉलेजच्या पोरांबरोबर आलेली वैष्णवी चपलांसकट पाण्यात शिरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्या बाप्यांमध्ये ती एकटी पोरगी.

"काका, माकड आपलं भाऊबंद हे मला अजून बी पटलं न्हाई. सरांना बी तसंच सांगत व्हते. पण डोहातल्या माशांना काय झालंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुखणं तुमच्या घरात नगं, तर मग पाण्यात काहून सोडता? ह्या पाण्यावर बी लेकरं हायेत."

किसनरावांनी एक पाऊल पुढं टाकलं. आता तिला बाजूला सारतात की काय, असं मला वाटलं... शेवटी ते मागे फिरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. घरात मात्र परत आणू नका, एवढंच म्हणाले.

ती पिशवी आता आमच्या त्याच कपाटात आहे. कुठं द्यायची म्हणून विचारत फिरतो. औषधाचा दुकानदार हसतो, दवाखान्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून माधव मोकळा झाला, आणि त्याच्याशी भांडायचीही सोय उरली नाही. डोहातल्या माशांच्या टाकीत त्यानं नंतर हळूहळू विहिरीचं पाणी भरत आणलं होतं. रोज वर हात धरून पाहायचा. शेवटचं कॉलेजात आला तेव्हाही मासे ढिम्मच होते.

परवा खाणं टाकायला गेलो तर वैष्णवी आधीच त्याच टाकीवर हात धरून उभी होती. मासे सगळे तळाला, कोपऱ्यात दाटीनं बसलेले. तिनं हात काढला, ते वर आले. पुन्हा धरला, पुन्हा पळाले.

"यावरून सिद्ध काही होत न्हाई, सर," ती मला म्हणाली, आणि रडायला लागली.