पिवळ्या रेषेच्या आत

शाळेपुढच्या पानटपऱ्या हटवायचं ठरलं तेव्हा माझा धाकटा भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. मी शिवाजी पेठेत ज्या शाळेत शिकवते, तिच्या फाटकासमोरच त्याचं वह्या-पेनांचं दुकान. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा नियम जुनाच, पण पेठेत कुणाला नियम सांगायला गेलं की तो आधी "तुमची तालीम कुठली?" विचारतो, म्हणजे तुमच्यामागे माणसं किती ते बघतो. म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. मी उघडलं. भावाने मोजायची टेप धरली, रस्त्यावर पिवळी रेषा मारताना रंगाचा डबा धरला. टपरीवाला माझ्या अंगावर आला तेव्हा, "माझ्या भनीला काय बोलायचं न्हाय हं," म्हणत मध्ये उभा राहिला. टपऱ्या उठल्या. त्या रविवारी मी त्याला तांबडा-पांढरा रस्सा करून जेवू घातलं आणि शेजारणीला म्हटलं, भाऊ असावा तर असा. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

दिवाळीची सुट्टी संपली आणि नववीच्या वर्गात गोड वास यायला लागला. कधी गुलाबाचा, कधी पुदिन्याचा. पोरं उत्तर देताना तोंडावर हात धरायची. एकाला बाहेर नेऊन तोंड उघडायला लावलं, तर गालात सुगंधी तंबाखू. हिच्या तर विक्रीलाच राज्यात बंदी आहे.

"कुठनं आणलीस?"

पोरगं खाली बघत म्हणालं, "बाई, समोरनं. मामांच्या दुकानातनं."

माझ्या भावाला सगळी शाळा मामा म्हणते. शाळा सुटल्यावर मी तडक त्याच्या दुकानात गेले. "ये की आक्का, चा सांगतो," म्हणाला. चहा नको, खण उघड म्हटलं. चित्रकलेच्या कागदांखाली चकचकीत पुड्यांच्या माळा होत्या. लाजेल, निदान दचकेल, असं वाटलं होतं. कसलं काय!

"तू टपऱ्या उठवल्यास, पोरं हिकडं याला लागली. मी काय बोलवायला गेलतो व्हय? मी न्हाय दिलं तर रंकाळ्यावर जाऊन आणतील."

टेप धरताना, डबा धरताना याच्या डोक्यात हे चाललं होतं! मी टपऱ्या हटवल्या नव्हत्या, त्यांची गिऱ्हाइकं याच्या दारात आणून सोडली होती. एवढी फसवणूक परक्याने केली असती तर भांडून मोकळी झाले असते. याला लहानपणी मी कडेवर घेऊन फिरवलाय.

माझा मुलगाही नववीतच. मी एवढंच विचारलं, "माझ्या पोराला?"

त्याने गळ्याला चिमटा घेतला. "तुझी शप्पत, आक्का. भाचा हाय माझा."

आणि मी विश्वास ठेवला. एवढं बघूनही ठेवला. तेवढ्या एका शब्दावर घरापर्यंत चालत आले.

त्या संध्याकाळी आमटी-भात वाढला. मुलाने पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, ताट सरकवून म्हणाला, "दही दे. झोंबतंय." मिसळीचा झणझणीत कट वाटीने पिणारं हे पोरगं गेला महिनाभर दह्याशिवाय जेवत नव्हतं, आणि मी त्याला नखरे म्हणत होते. "आ कर," म्हटलं. त्याने तोंड उघडलं, पण पुरतं उघडेना. गालाची आतली बाजू पांढुरकी पडली होती.

"कोण देतं?"

तो रडतच बोलला. "मामा देतंय. पैसं बी घेत न्हाय. भाच्याकडनं कसलं पैसं, म्हणतंय."

आमच्याकडे मामा भाच्याकडून पैसे घेत नाही. वही असो, पेन असो, गोळ्या-बिस्किटं असोत. ती रीत त्याने न चुकता पाळली होती.

सकाळी आधी मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. तिथून मी शाळेत आले आणि मुख्याध्यापकांना तक्रार लिहायला सांगितली. दुकान कुठलं ते ऐकून त्यांचा हात थांबला.

"बाई, तो तर तुमचा भाऊ ना?"

"हो," मी म्हटलं. "बाईंचा भाऊ म्हणूनच पोरांना तिथं जायची भीती वाटत नव्हती. लिहा."